वातानुकूलन यंत्राचा स्मार्ट नियंत्रक

वातानुकूलन यंत्राचा स्मार्ट नियंत्रक हे घरगुती वातानुकूलन यंत्र (एसी) मोबाइल अ‍ॅपद्वारे चालवण्यासाठी वापरले जाणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. मोबाइलवरून दिलेली आज्ञा बहुधा इंटरनेटवरील सर्व्हर, घरातील वाय-फाय राउटर आणि नियंत्रक अशा टप्प्यांतून एसीपर्यंत पोहोचते. यांपैकी एक टप्पा जरी तुटला तरी एसी प्रतिसाद देत नाही. त्यामुळे जोडणीतील दोष हा एसीचाच बिघाड समजला जाण्याची शक्यता असते.

प्रकार

अंतर्गत नियंत्रक एसीच्या मुख्य सर्किट बोर्डाशी जोडलेला असतो व त्याला यंत्राची प्रत्यक्ष स्थिती वाचता येते. बाह्य नियंत्रक रिमोटप्रमाणे अवरक्त किरणांचे संकेत पाठवतो. हा संवाद एकतर्फी असल्याने आज्ञा पोहोचली की नाही, हे नियंत्रकाला समजत नाही. परिणामी अ‍ॅपवर ‘बंद’ दिसत असूनही एसी चालू राहू शकतो.

बिघाडाचे निदान

निदानाची सुरुवात एसीपासून करणे सोयीचे ठरते.

१. मूळ रिमोट : रिमोटनेही एसी चालत नसल्यास प्रथम रिमोटचे सेल, वीजपुरवठा आणि एसी यांची तपासणी करावी लागते. रिमोटने एसी चालत असल्यास दोष बहुधा नियंत्रकात किंवा जोडणीत असतो.

२. नियंत्रक ऑफलाइन दिसणे : अनेक नियंत्रक केवळ २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायवर चालतात. ५ गिगाहर्ट्झचे जाळे त्यांना दिसत नाही. राउटरचा पासवर्ड बदलल्यास जोडणी पुन्हा करावी लागते. वीज खंडित होऊन परत आल्यावर राउटर सुरू होण्यास काही मिनिटे लागतात. त्यानंतरही नियंत्रक न जोडल्यास तो बंद करून पुन्हा चालू करतात.

३. नियंत्रक ऑनलाइन, पण एसी निष्क्रिय : बाह्य नियंत्रक व एसी यांच्यामध्ये पडदा किंवा कपाट आल्यास संकेत अडतो. अ‍ॅपमध्ये निवडलेला रिमोटचा संकेतसंच त्या एसीशी जुळणारा नसल्यासही असे घडते.

४. एसीचा ‘बीप’ ऐकू येणे, पण थंडावा नसणे : येथे आज्ञा पोहोचलेली असते. बंद झालेला काँप्रेसर त्याच्या संरक्षणासाठी साधारणतः तीन मिनिटे पुन्हा सुरू होऊ दिला जात नाही. त्यामुळे वारंवार आज्ञा देणे निरुपयोगी असते. एसी ‘फॅन’ स्थितीत नाही ना, हेही पाहावे लागते.

नियंत्रक मूळ स्थितीत आणल्यास (रीसेट) साठवलेली वाय-फायची माहिती पुसली जाते. म्हणून हा उपाय शेवटी करतात. भारतात १ जानेवारी २०२० पासून स्टार-मानांकित खोली-एसींसाठी २४ अंश सेल्सिअस हे पूर्वनिर्धारित तापमान बंधनकारक आहे. त्यामुळे प्रारंभी २४ अंश दिसणे हा दोष असतोच असे नाही.

सुरक्षितता

अंतर्गत नियंत्रकासाठी एसीचे आवरण उघडावे लागत असल्यास केवळ रिमोटने यंत्र बंद करणे पुरेसे नसते, कारण सर्किट बोर्डाला वीज मिळत राहते. मुख्य पुरवठा खंडित केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो. म्हणून हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घेणे आवश्यक असते.