आजीबाई, गुरुजन आणि पंडिता रमाबाई

धर्मांतराच्या कथा सांगण्याची एक ठराविक पद्धत पडून गेली आहे. मनुष्य अगोदर अंधारांत असतो, मग त्याला कोणी उपदेशक भेटतो, त्याचे डोळे उघडतात, आणि तो बाप्तिस्मा घेतो. तेथें कथा संपते. ज्यांना तो नवा धर्म मान्य नसतो ते हीच कथा उलट बाजूनें सांगतात. परंतु तीही बाप्तिस्म्यापाशींच संपते. पंडिता रमाबाईंचें चरित्र महाराष्ट्रांत असें दोन्ही बाजूंनीं पुष्कळ वेळां सांगितलें गेलें आहे. पण त्यांच्या श्रद्धेचा खरा झगडा बाप्तिस्म्यानंतर सुरू झाला. तो कोणा विरोधकाशीं नव्हता. ज्यांनीं त्यांना हाताला धरून नव्या घरांत नेलें, त्यांच्याशींच तो झाला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनीं संस्कृत शिकावें हें त्यांचें मत त्यांनीं घरांतच अमलांत आणलें होतें, आणि रमाबाईंना संस्कृत शिकविलें तें त्यांच्या आई लक्ष्मीबाई यांनीं. तीर्थयात्रा आणि पुराणकथन करीत हें कुटुंब देशभर हिंडत असे. दुष्काळानें आईबाप गेले, वडील बहीणही गेली. उरलेलीं दोघें भावंडें, श्रीनिवास व रमा, पायीं प्रवास करीत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं त्यांची परीक्षा घेऊन रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु ज्या व्रतवैकल्यांवर आईबापांनीं सर्वस्व वेंचलें त्यांवरील रमाबाईंची श्रद्धा एव्हांना ढळली होती. पुढें भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशीं विवाह झाला. कन्या मनोरमा जन्मली. आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पतीही पटकीनें गेले. चोवीस वर्षांच्या वयांत इतकीं माणसें गमावलेली ही स्त्री त्याच वर्षीं पुण्यास आली, आणि तिनें आर्य महिला समाज स्थापन केला.

पुण्यांत त्यांची ज्यांच्याशीं गांठ पडली त्यांत नेहेम्या गोऱ्हे हे एक होते. हे मूळचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, काशींत वाढलेले चित्पावन ब्राह्मण. मिशनऱ्यांशीं वाद करून त्यांचें खंडन करावें अशा हेतूनें ते बायबल वाचूं लागले, आणि १८४८ सालीं स्वतःच ख्रिस्ती झाले. त्यांच्या ‘षड्दर्शनदर्पण’ ग्रंथावरून त्यांची तर्कशक्ति दिसून येते. काऊली येथील ख्रिस्ती साधुमंडळांत ते उमेदवार म्हणून शिरले, पण कायमची दीक्षा त्यांनीं कधींच घेतली नाहीं. असा बारकाईनें शंका घेणारा मनुष्यच रमाबाईंना मार्गदर्शक लाभला, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

वैद्यकी शिकावी या इच्छेनें रमाबाई एप्रिल १८८३ मध्यें विलायतेस निघाल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नांवाची मैत्रीण होती. प्रवासखर्चास ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाचें उत्पन्न त्यांनीं कामीं आणलें. वाँटेज या गांवीं ‘सेंट मेरी द व्हर्जिन’ मंडळाच्या भगिनींचा मठ होता; त्याच मंडळाची शाखा पुण्यास होती. हिंदुस्थानांत येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावें व त्याबदल्यांत आपण इंग्रजी शिकावें, असा करार ठरला. ख्रिस्ती होणार नाहीं, हें रमाबाईंनीं निघण्यापूर्वीं स्पष्ट सांगितलें होतें.

वाँटेजला येऊन कांहीं महिने झाले न झाले तोंच आनंदीबाईंनीं विष घेऊन प्राण दिला. परक्या देशांत, परक्या भाषेंत, एकुलत्या एका सोबतिणीचा असा शेवट पाहून रमाबाईंची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करवत नाहीं. त्याच काळांत त्यांच्या मनाचा निर्णय होत होता. लंडनमधील फुलहॅम येथें या भगिनींनीं पतित स्त्रियांसाठीं चालविलेलें आश्रयगृह त्यांनीं पाहिलें. ज्या स्त्रियांना समाज दारांतही उभें करीत नाहीं, त्यांना येथें कोणी प्रेमानें वागवितें आहे, हें पाहून त्यांनीं त्याचें कारण विचारलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. दुसऱ्या बाजूनें गोऱ्हे यांचा पत्ररूप उपदेश हिंदुस्थानांतून आला. ब्राह्म मताच्या ज्या कल्पना रमाबाई स्वतःच्या बुद्धीनें मिळविलेल्या समजत होत्या, त्यांचें मूळ ख्रिस्ती शास्त्रांतच आहे, असें त्यांनीं त्यांत प्रतिपादिलें होतें. हृदय आश्रयगृहानें जिंकलें आणि बुद्धि गोऱ्ह्यांनीं. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेजच्या चर्चमध्यें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

या वेळीं रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या त्या भगिनी जेराल्डीन. या कांहीं काळ पुण्यास राहून गेलेल्या होत्या. रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. मनोरमा पुष्कळ काळ त्यांच्याच देखरेखीखालीं राहिली. नातें खरोखर मायेचें होतें. म्हणूनच पुढें जें झालें तें दोघींनाही जड गेलें.

१८८४ च्या आरंभीं रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत गेल्या. तेथें त्या शिकत आणि संस्कृतही शिकवीत. कानांनीं ऐकूं कमी येऊं लागल्यामुळें वैद्यकीचा बेत सोडावा लागला होता. कॉलेजच्या मुख्य डोरोथिया बील या इंग्लंडांतील स्त्रीशिक्षणाच्या एक आधारस्तंभ. चेल्टनहॅमला रमाबाईंचें वाचन वाढलें, आणि वाचनाबरोबर शंका वाढल्या. एकाच ख्रिस्ताचे इतके निरनिराळे पंथ पाहून त्या गोंधळल्या. एक देव तीन व्यक्तींत कसा, ख्रिस्ताला प्रत्यक्ष ईश्वर मानावें कीं काय, त्याचा अलौकिक जन्म अक्षरशः खरा धरावा काय, असे प्रश्न त्या मोकळेपणीं विचारूं लागल्या. बायबलांत जें स्पष्ट सांपडेल तें मान्य; परंतु माणसांनीं मागाहून रचलेलीं मतपत्रें केवळ चर्च सांगतें म्हणून मान्य करणार नाहीं, असा त्यांचा पवित्रा होता.

जेराल्डीनबाईंना हें पाहून धक्का बसला. त्यांच्या दृष्टीनें बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्चची आज्ञा पाळण्याचें वचन दिलें, आणि शिष्यानें शिकत असतां गुरूचीच परीक्षा घेऊं नये. ही शंका नव्हे, हा अहंकार आहे, असें त्यांनीं रमाबाईंना कळविलें. रमाबाईंचें उत्तर असें होतें कीं, हिंदुस्थानांतील पुरोहितवर्गाचें जूं त्यांनीं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें होतें. तसलेंच दुसरें जूं आपण होऊन मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. देवाची आज्ञा आणि देवाच्या नांवानें बोलणाऱ्या माणसाची आज्ञा या दोन गोष्टी त्या एक मानीत नव्हत्या.

हा वाद केवळ सिद्धान्तांचा राहिला नाहीं. लहानसहान गोष्टींतही तो उमटे. रमाबाई मांसाहार करीत नसत; यांत जुन्या जातीचा अभिमान शिल्लक राहिला आहे, असा संशय आजीबाईंना येई. भगिनींच्या क्रूसावर लॅटिन अक्षरें होतीं. हिंदी स्त्रियांच्या गळ्यांतील क्रूसावर तीं कशाला, तेथें संस्कृत कां नको, असें रमाबाईंनीं विचारलें. संस्कृत ही देवभाषा आहे म्हणून नव्हे, तर ती आपल्या देशाची प्राचीन व सुंदर भाषा आहे म्हणून हा त्यांचा आग्रह होता. पुढें रमाबाईंनीं तरुण पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावें अशी सूचना निघाली, तेव्हां हिंदुस्थानांतील दोघा बिशपांनीं हिंदी लोकमताचा हवाला देऊन विरोध केला. रमाबाईंना याचें मोठें नवल वाटलें. त्यांच्या पित्यानें किंवा पतीनें ज्याला कधीं हरकत घेतली नाहीं, त्याला इंग्लंडांतले लोक हरकत घेत होते! सर्वांत नाजुक प्रश्न मनोरमेचा होता. लेकीला कोणती प्रार्थना व कोणतीं मतें शिकवावीं, हें ठरविण्याचा अधिकार आईचा कीं धर्ममातेचा? येथें मात्र रमाबाई तसूभरही हटल्या नाहींत.

बीलबाईंची रीत निराळी होती. रमाबाईंना ख्रिस्ती धर्माचा तत्त्वज्ञान म्हणूनही विचार करूं दिला पाहिजे, इतिहासांत घडलें म्हणून मान असें सांगून त्यांचें समाधान होणार नाहीं, त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीलाही तें पटलें पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें. शंकांना त्यांनीं दोष म्हटलें नाहीं, उत्तरें लिहिलीं. बीलबाईंची श्रद्धा जेराल्डीनबाईंपेक्षां उणी होती असें नाहीं. पण आयुष्यभर वर्गांत उभ्या राहिलेल्या या बाईंना एक गोष्ट माहीत होती: धीट विद्यार्थ्याचा प्रश्न दाबला म्हणजे प्रश्न मरत नाहीं, गुरूवरचा विश्वास मरतो.

१८८६ च्या आरंभीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि त्यांच्या आयुष्याला नवी दिशा लागली. ‘द हाय कास्ट हिंदु वुमन’ हें पुस्तक, बोस्टनची रमाबाई असोसिएशन आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस उघडलेलें शारदासदन हीं त्या दिशेचीं फळें होत. सदन लवकरच पुण्यास आलें. तेथें धर्माबाबत कोणावर सक्ति नव्हती. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळीं दार उघडें असे, आणि मुली येऊन बसूं लागल्या. यावरून १८९३ सालीं मोठा गहजब झाला. रानडे, भांडारकर यांनीं सल्लागारमंडळ सोडलें. हिंदु पालकांना वाटलें कीं, विश्वासानें सोंपविलेल्या मुलींवर परधर्माची छाया पडत आहे. ही तक्रार अगदींच पोकळ होती असें म्हणतां येत नाहीं. मनोरमेच्या बाबतींत जो प्रश्न एकदां रमाबाईंनीं आजीबाईंपुढें मांडला होता, तोच आतां दुसऱ्या रूपानें त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

दरम्यान त्यांच्या अंतरंगांत एक बदल झाला होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं, १८९१ सालीं, विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. धर्मगुरु होऊनही ज्याला कित्येक वर्षें आंतरिक अनुभव नव्हता अशा माणसाची ती हकीकत होती. ती वाचून रमाबाईंना उमगलें कीं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला, पण ख्रिस्त सांपडला नाहीं. पुढें ‘टेस्टिमनी’ या आपल्या छोट्या आत्मकथनांत त्यांनीं हें निःसंकोचपणें सांगितलें. वादांत जें मिळालें नव्हतें तें त्यांना एकांतांत, शरणागतींत मिळालें. ज्या सिद्धान्तांवर त्या भांडल्या त्यांपैकीं पुष्कळ पुढें त्यांनीं आनंदानें मान्य केले; परंतु एका विशिष्ट चर्चच्या अधिकाराखालीं जाणें मात्र त्यांनीं शेवटपर्यंत नाकारलें. केडगांवचें मुक्तिसदन कोणत्याही एका पंथाचें झालें नाहीं. दुष्काळांतून वांचविलेल्या शेंकडों मुली तेथें वाढल्या. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनीं बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें, आणि तें मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत छापलें गेलें. जुलै १९२१ मध्यें मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई गेल्या.

या सर्व हकीकतींत जेराल्डीनबाईंना केवळ हटवादी ठरविणें सोपें आहे, पण तें न्याय्य होणार नाहीं. त्यांना शिष्येच्या आत्म्याची खरी काळजी होती. चूक झाली ती काळजी आणि हुकमत यांतली सीमारेषा ओळखण्यांत. तरीही त्यांनीं एक गोष्ट अशी केली कीं, तिच्यापुढें त्यांचे सारे रागलोभ फिके पडतात. रमाबाईंचीं पत्रें त्यांनीं जपून ठेवलीं, आणि उतारवयांत तीं एकत्र लावून घेतलीं. ज्यांत त्यांच्याच उपदेशाचें खंडन होतें, ज्यांत शिष्येनें गुरूचें ऐकावयाचें साफ नाकारलें होतें, तींही त्यांनीं फाडलीं नाहींत. १९७७ सालीं तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला. आज रमाबाईंचें मन आपल्याला इतकें स्वच्छ दिसतें तें त्या पत्रांमुळें. शंका घेणाऱ्या लेकीला आजीबाई समजून घेऊं शकल्या नाहींत; पण तिचे शब्द त्यांनीं जसेच्या तसे पुढल्या पिढ्यांच्या हवालीं केले.