खडकी दारूगोळा कारखाना

खडकी दारूगोळा कारखाना : पुणे शहराच्या वायव्येस, खडकी छावणीच्या हद्दीत असलेला काडतुसे व दारूगोळा बनविणारा कारखाना. स्थापना १८६९. ब्रिटिश आमदानीत तो लहान शस्त्रांच्या काडतुसांचा लष्करी कारखाना म्हणून सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर तो संरक्षण मंत्रालयाच्या आयुध निर्माणी संघटनेत होता आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा घटक आहे. स्थानिक बोलीत ‘ॲम्युनिशन फॅक्टरी’.

पूर्वपीठिका : पुणे परगण्यात दारूगोळा तयार करण्याची परंपरा इंग्रजांच्या आधीची आहे. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत ओतूरजवळील आंबेगव्हाण येथे तोफगोळ्यांचा कारखाना चालत असल्याचे उल्लेख मिळतात. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला व त्यानंतर याच परिसरात इंग्रजांची छावणी वसली.

कंपनी सरकारच्या काळात बंगाल, मुंबई व मद्रास या तिन्ही इलाख्यांची सैन्ये वेगळी होती आणि त्यांची शस्त्रखातीही वेगळी होती. बंगालसाठी कोलकात्याजवळ डमडम येथे काडतुसे होत. १८५७च्या उठावापूर्वीच्या असंतोषात एन्फील्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांचा वाटा मोठा होता आणि त्या वादाची पहिली ठिणगी डमडमलाच पडली. पुढच्या दहा वर्षांत कागदी काडतूस मागे पडले व धातूचे काडतूस आले. खडकीचा कारखाना या संक्रमणातून जन्मला.

स्थापना व प्रारंभीचा काळ : १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने मागून भरायची स्नायडर बंदूक स्वीकारली. तिच्यासाठी कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेले, लोखंडी बूड असलेले काडतूस बनविले होते. कागदी काडतुसाप्रमाणे ते शिपायाला दाताने फोडावे लागत नसे. ते कारखान्यात यंत्रावरच पूर्ण होई, त्यामुळे छावणीच्या कोठारात हातांनी काडतुसे वळण्याची पद्धत संपली आणि मोठ्या कारखान्याची गरज निर्माण झाली. मुंबई इलाख्यासाठी खडकीची जागा सोयीची होती : लष्कर शेजारी, मुळा नदीचे पाणी जवळ, आणि बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाल्यामुळे मुंबई बंदराशी थेट दळणवळण.

स्नायडरनंतर मार्टिनी-हेन्री बंदुकीची आणि १८९०च्या दशकात .३०३ इंच (सु. ७.७ मिमी) व्यासाची काडतुसे आली. उठावानंतरच्या धोरणानुसार हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी शस्त्रे दिली जात, त्यामुळे एकाच वेळी दोन जातींच्या काडतुसांचा पुरवठा करावा लागे. बंदुकीच्या काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट हे धूररहित स्फोटक वापरात आल्यावर १९०४ मध्ये निलगिरीतील अरवंकाडू येथे कॉर्डाइटचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला.

काडतुसाची घडण : काडतुसाचे पितळ साधारण ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असे असते. पत्र्यातून चकती कापून तिची वाटी दाबतात. ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी करतात. प्रत्येक ओढीत पितळ कडक होते, म्हणून मधेमधे तापवून ते मऊ करावे लागते. ही तापवणी चुकली तर काडतुसाची मान पुढे साठवणीत तडकते. नळीच्या बुडाला ठोका देऊन कड व आघाताने पेट घेणाऱ्या कॅपचा खळगा करतात आणि त्याच ठोक्यात बुडावर अक्षरे उमटतात. नंतर कॅप बसवितात, स्फोटक मोजून भरतात व शिशाच्या गाभ्यावर धातूचे कवच चढविलेली गोळी मानेत घट्ट बसवितात. कॅपमध्ये पूर्वी पाऱ्याचे फल्मिनेट असे, आता प्रामुख्याने शिशाचे स्टिफनेट असते.

भरण्याचे काम ‘डेंजर बिल्डिंग’मध्ये चालते. या इमारती एकमेकींपासून दूर असतात व त्यांभोवती मातीचे उंच बांध घातलेले असतात, म्हणजे एका ठिकाणचा स्फोट दुसऱ्या ठिकाणी पोहोचत नाही. आत काडेपेटी, मोबाइल, लोखंडी अवजार चालत नाही. पायांत ठिणगी न पाडणारे जोडे असतात, आणि ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ हा कामगारांचा स्वतंत्र हुद्दाच आहे. जोखमीचे हे काम पिढ्यान्‌पिढ्या खडकी, बोपोडी, दापोडी भागांतल्या कुटुंबांनी केले आहे.

बुडावरील खुणा : कारखान्याच्या कुंपणाआतले बाहेरच्याला पाहता येत नाही. त्यामुळे संशोधकाच्या हाती येणारे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे रिकामे काडतूस. खडकीच्या जुन्या .३०३ काडतुसाच्या बुडावर ‘के’ व ‘एफ’ (खडकीच्या तत्कालीन इंग्रजी नावाचे व ‘फॅक्टरी’चे आद्याक्षर) ही रोमन अक्षरे असतात. त्यांच्यामध्ये वर टोक केलेला रुंद बाण (↑) असतो. हा बाण ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण होय. डमडमच्या काडतुसावर बाणाच्या दोन्ही बाजूंस ‘डी’ असतो. अक्षरांबरोबर वर्षाचे शेवटचे दोन अंक व नमुन्याचा क्रमांक येतो : ‘४२’ आणि रोमन सात असेल, तर १९४२ मधील सातव्या नमुन्याचे काडतूस. हा नमुना १९१० मध्ये आला. त्याची गोळी टोकदार व १७४ ग्रेन (सु. ११.३ ग्रॅम) वजनाची असते. त्याआधीच्या सहाव्या नमुन्याची गोळी बोथट व २१५ ग्रेनची होती. क्रमांकाजवळ ‘झेड’ असल्यास आत कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोजचे स्फोटक आहे असे समजावे. पुढील काळात रोमन आकड्यांची जागा साध्या अंकांनी घेतली. पुढे उभ्या राहिलेल्या वरणगाव कारखान्याच्या काडतुसांवर ‘ओएफव्ही’ ही अक्षरे असतात.

बाजारात मिळणाऱ्या बारा बोअरच्या ‘शक्तिमान’ काडतुसांमुळे खडकीची ‘केएफ’ ही अक्षरे परवानाधारक शेतकरी व नेमबाज यांच्याही परिचयाची झाली.

स्वातंत्र्यलढा : २४ जानेवारी १९४३ रोजी पुणे लष्कर भागातील कॅपिटॉल चित्रपटगृहात झालेल्या बॉम्बस्फोटात काही ब्रिटिश सैनिक ठार झाले. बॉम्बची सामग्री पुणे परिसरातील लष्करी दारूगोळा आस्थापनेतून बाहेर आली होती. तेथे नोकरी करणारे भास्कर कर्णिक यांना अटक झाली. सहकाऱ्यांची नावे उघड होऊ नयेत म्हणून त्यांनी फरासखाना पोलीस चौकीत विष घेऊन प्राण दिला. साम्राज्याच्या दारूगोळ्याच्या कोठारातच स्वातंत्र्याची निष्ठा कशी रुजली होती, याची ही ठळक साक्ष आहे.

विस्तार : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खडकीतच अतिस्फोटकांचा स्वतंत्र कारखाना निघाला. १९६२च्या चीन युद्धानंतर नवे कारखाने काढण्याचे धोरण आले. त्यातून वरणगाव (जि. जळगाव), भंडाऱ्याजवळील जवाहरनगर, नागपूरजवळ अंबाझरी आणि चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे आयुध निर्माणी उभ्या राहिल्या. तयार दारूगोळ्याचे देशातील सर्वांत मोठे भांडार वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथे आहे.

अपघात : वर उल्लेखिलेल्या आस्थापनांपैकी दोन ठिकाणी मोठे अपघात झाले. ३१ मे २०१६ रोजी पुलगाव भांडारातील आगीत किमान १६ जण मृत्युमुखी पडले. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा येथील आयुध निर्माणीतील स्फोटात किमान आठ कामगार दगावले.

कामगार चळवळ : संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाचे मुख्यालय खडकीत असून ते एस. एम. जोशी यांच्या नावाने ओळखले जाते. जोशी या महासंघाचे अध्यक्ष होते आणि जुलै १९६०च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाच्या नेत्यांपैकी एक होते.

कंपनीकरण : २०२१ मध्ये आयुध निर्माण्यांचा कारभार पाहणारे आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटण्यात आले. या निर्णयाला कामगार संघटनांचा विरोध होता. २०२१ मध्येच अत्यावश्यक संरक्षण सेवांतील संपावर बंदी घालणारा कायदा झाला. सरकारने स्वायत्तता व कार्यक्षमता ही कारणे दिली, तर संघटनांनी सेवाशर्ती व खाजगीकरणाची भीती पुढे केली.

सद्यःस्थिती : म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुण्यात आहे. तिच्याकडे बारा कारखाने असून त्यांपैकी सहा महाराष्ट्रात आहेत : खडकीतील दोन, देहूरोड, वरणगाव, भंडारा व भद्रावती. बारांपैकी सर्वांत जुना खडकीचा दारूगोळा कारखाना होय.