भिंतीतील गोचीड

अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून सरकारी कागदपत्रांत अहिल्यानगर) पुष्कळसा भाग पर्जन्यछायेत मोडतो. पाऊसमान बेताचे, हवा कोरडी, आणि जुनी घरेही त्या हवेस साजेशी: जाड मातीच्या भिंती व वर लाकडी तुळयांवर पसरलेले मातीचे माळवद. अशा घराच्या ओसरीखाली किंवा परसातल्या भिंतीस लागून कोंबड्यांचे खुराडे असे. दिवसभर उकिरडा उकरून आलेल्या कोंबड्या दिवेलागणीस त्यात शिरत. घरधनीण तोंडाशी फळी किंवा दगड लावी आणि मांजर, मुंगूस, कोल्हा ह्या साऱ्यांचा बंदोबस्त झाला असे समजून निर्धास्त होई. जो शत्रू आधीपासूनच आत बसला होता, त्यास फळीची अडचण नव्हती.

हा शत्रू म्हणजे कोंबडीची गोचीड. शास्त्रात तिला अर्गास पर्सिकस असे नाव आहे. गुरांच्या अंगावर टपोरी होऊन लोंबणारी गोचीड सर्वांच्या परिचयाची आहे. ही तिची चुलत बहीण, परंतु रीत अगदी निराळी. ही दिवसा भिंतीच्या भेगेत, तुळईच्या सांध्यात किंवा बसण्याच्या दांडीखाली दडून राहते. रात्री बाहेर येते, अर्ध्यापाऊण तासात पोटभर रक्त पिते आणि पुन्हा भेगेत जाते. त्यामुळे सकाळी कोंबडी हातात घेऊन पिसे कितीही फुंकून पाहिली, तरी मोठी गोचीड सापडावयाची नाही. सापडलीच तर पंखाखाली पाचदहा दिवस चिकटून राहणारी तिची बारीक पिल्ले सापडतात. शिवाय तिची उपासमार सोसण्याची शक्ती विलक्षण आहे. अन्नावाचून ती दोन वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहू शकते. कोरडी हवा आणि मातीची भेगाळलेली भिंत ह्यांहून तिला अधिक काही नको असते.

रक्त गेलेल्या कोंबडीचा तुरा फिकट पडतो, अंडी कमी होतात आणि पुढे थांबतात. घरात त्याचा अर्थ निराळा लावला जाई. कोंबडी खुडूक झाली, म्हातारी झाली, नाहीतर कोणाची नजर लागली, असे म्हणून तिची रवानगी बाजारात किंवा सुरीखाली होई. तिच्या जागी नवी तलंग येई. भिंत मात्र तीच राही. ह्यात गरिबाचे नुकसान लहान नव्हते. कोंबड्या पाळणारी घरे बहुधा गावकुसाबाहेरची किंवा अगदी बेताच्या मिळकतीची. मीठमिरची, औषध, मुलाची पाटी असे किरकोळ खर्च घरातली बाई अंड्यांच्या पैशांतून भागवी. जिच्या घरी कोंबडी असे तिला बहुधा लिहितावाचता येत नसे, आणि ज्यांस लिहितावाचता येई त्यांच्या अंगणात सोवळ्याओवळ्यापायी कोंबडीस मज्जाव असे. एवढ्या मोठ्या नुकसानीची दाद लागण्यास इतका काळ का गेला, ह्याचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

उरलेले निम्मे उत्तर शास्त्राच्या इतिहासात आहे. जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठी सरकारने पहिली जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा काढली ती पुण्यास, १८८९ साली. १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरास हलविण्यात आली. तिचे मुख्य लक्ष गुरांच्या बुळकांड्यासारख्या साथींकडे होते, आणि शेतीप्रधान देशात ते साहजिकही होते. कोंबडीच्या गोचिडीचा उलगडा झाला तो फार दूर, ब्राझिलात. रिओ दि जानेरो येथे पीतज्वराच्या शोधासाठी गेलेल्या फ्रेंच पथकातील मार्शू आणि सालिंबेनी ह्या दोघांनी १९०३ साली दाखवून दिले की, कोंबड्यांस ताप आणून झटपट मारणारा एक मळसूत्री जंतू ह्याच जातीच्या गोचिडीकडून एका पक्ष्यातून दुसऱ्यात जातो. ह्याच पथकात पॉल लुई सिमाँ हे तिसरे डॉक्टर होते. त्यांनीच १८९८ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कराची शहरी प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो हे प्रयोगाने दाखविले होते. रोगाचे मूळ रोग्याच्या अंगात न शोधता घराच्या कानाकोपऱ्यांतल्या किड्यात शोधावे, ही दृष्टी त्या पिढीने जगास दिली.

पुढचा प्रकार तर अधिकच नवलाचा आहे. जर्मनीत पॉल एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता हे उपदंशावरील औषध शोधीत होते. उपदंशाचा जंतूही मळसूत्री. तेव्हा हातांनी ‘६०६’ ह्या प्रसिद्ध औषधाची परीक्षा सशांबरोबर ह्या रोगाने पछाडलेल्या कोंबड्यांवरही केली. १९१० साली ते औषध बाजारात आले व असंख्य माणसांस उपयोगी पडले. खेड्यातल्या कोंबडीच्या वाट्यास मात्र त्यातले काही आले नाही. तिच्या रोगावरचा हुकमी इलाज पुढे पेनिसिलिनने झाला.

मध्यंतरी सरकारी खात्याने सुधारलेल्या जातींचा प्रसार आरंभिला. गावठी कोंबडी वर्षास पन्नाससाठ अंडी देणार. पांढरी लेगहॉर्न तिच्या कितीतरी पुढे. खडकीच्या सरकारी केंद्रासारख्या ठिकाणांहून असे पक्षी गावोगाव गेले, आणि पुष्कळ ठिकाणी थोड्याच दिवसांत मेले. विलायती पक्ष्यास इकडची हवा मानवत नाही, असा बोलबाला झाला. हवेचा दोष होता, पण तेवढाच नव्हता. गावठी पिल्लास लहानपणीच गोचीड चावते. त्यातून जे वाचते त्याच्या अंगी त्या तापाविरुद्ध बळ येते. नवा पक्षी ह्या बळावाचून त्याच भेगाळलेल्या खुराड्यात जाई. म्हणून जाणते लोक सांगत की, आधी खुराडे भिंतीपासून तोडा, बसण्याच्या दांड्यांचे पाय रॉकेलच्या वाट्यांत ठेवा, भेगा चुन्याने बुजवा आणि मग पक्षी आणा. सल्ला बिनखर्ची होता. पण पक्षी वाटणे सोपे, खुराडे बदलविणे अवघड.

मोठे कळप उभे राहण्यापूर्वी आणखी एक अडथळा दूर व्हावा लागला. मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग. हिंदुस्थानात तो १९२७ च्या सुमारास कुमाऊँतील राणीखेत येथे ओळखला गेला. १९४० नंतरच्या दशकात मुक्तेश्वरच्या संस्थेत त्यावरची लस तयार झाली, तेव्हा कोठे हजारो पक्षी एके ठिकाणी ठेवण्याचे धाडस शक्य झाले. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव ह्यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली, आणि पुणे हे ह्या धंद्याचे एक मुख्य केंद्र बनले. शेजारच्या नगर जिल्ह्यात राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ पासून आहे. तेथील संकरित ‘फुले त्रिवेणी’ गाईचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी झाले. कोंबडी खेड्यात आली ती बव्हंशी व्यापाऱ्याच्या वाटेने.

पिंजऱ्यांच्या शेडीने जुना हिशोब पालटला. कोंबडी मातीपासून व विष्ठेपासून उचलली गेल्याने जंत आणि रक्ती हगवण हे दोन्ही पुष्कळ हटले, आणि भिंत दूर गेल्याने गोचीडही हटली. परंतु एका पक्ष्याच्या पिसांतील उवा व बारीक किडे शेजारच्या पक्ष्यावर जाण्यास आता क्षणही लागत नाही. शिवाय दहा हजारांच्या कळपात अंड्यांचे प्रमाण शेकडा नव्वदवरून ऐंशीवर आले, तर दररोज हजार अंडी कमी होतात. ह्या घटीची कारणे अनेक असू शकतात. दिवस चौदा तासांपेक्षा लहान झाला, खाद्यातील प्रथिने किंवा चुना उणा पडला (एका कवचास सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते), पिसे झडण्याचा हंगाम आला, किंवा नुसते पाणी तापले तरी कोंबडी हात आखडते. म्हणून घट दिसताच औषधाची बाटली उघडणे हे जुन्या घरधनिणीच्या सुरीइतकेच उतावीळपणाचे आहे. आधी रात्री बॅटरी घेऊन शेडीत जावे, पिंजऱ्याचे सांधे व कोंबडीच्या शेपटीखालची पिसे पाहावी. किडा असेल तर तो तेव्हाच सापडतो.

उतावीळपणाची किंमत जगाने मोजलीही आहे. डी. डी. टी. व बी. एच. सी. ही भुकटी एके काळी रामबाण वाटे. ती चरबीत साठून अंड्याच्या बलकात उतरते हे मागाहून कळले. आपल्याकडे बी. एच. सी. वर १९९७ मध्ये बंदी आली. २०१७ साली हॉलंड व बेल्जममध्ये तांबड्या किड्यांवर फिप्रोनिल हे मनाई असलेले औषध मारल्याचे उघडकीस आले, आणि लक्षावधी अंडी बाजारातून परत घ्यावी लागली.

म्हणून जाणते व्यावसायिक आता एक कळप विकल्यावर दुसरा आणण्यापूर्वी शेड काही आठवडे रिकामी ठेवतात. तेवढ्या उपासाने तांबडा किडा मरत नाही; तो महिनोन्‌महिने तग धरतो. गोचिडीची गोष्ट तर वर आलीच आहे. तेव्हा त्या आठवड्यांत विष्ठा खरवडून काढतात, प्रत्येक सांध्यावरून फ्लेम गनची ज्योत फिरवितात आणि भिंतींस खालपासून छपरापर्यंत चुना देतात.