क्रियाविशेषणाची ओळख (न्यूझीलंडमधील इंग्रजी)

क्रियाविशेषण : क्रिया, विशेषण किंवा दुसरे क्रियाविशेषण यांबद्दल कसे, केव्हा, कुठे, किती हे सांगणारा शब्द. इंग्रजीत तो शेवटच्या ‘ली’वरून ओळखावा असे शाळेत सांगतात, पण ही खूण कच्ची आहे. ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ ही विशेषणे आहेत. ‘फास्ट’ला ‘ली’ लागत नाही, तरी ‘फास्ट कार’मध्ये ते विशेषण आणि ‘रन फास्ट’मध्ये क्रियाविशेषण. ‘हार्ड’ला ‘ली’ जोडले तर ‘कष्टाने’ जाऊन ‘जेमतेम’ असा भलताच अर्थ हाती येतो. सुट्या शब्दाची जात ठरत नाही. वाक्यात तो कोणाला चिकटला आहे ते पाहावे लागते.

न्यूझीलंडच्या बोलीत याचा प्रत्यय पदोपदी येतो. तिथला ‘हीप्स’ हा शब्द घ्या. ‘हीप्स ऑफ शीप’ म्हणजे ढीगभर मेंढ्या. इथे ते अनेकवचनी नाम. ‘थँक्स हीप्स’ आणि ‘हीप्स बेटर’ यांत मात्र तोच शब्द ‘किती?’ला उत्तर देतो. नामाचे क्रियाविशेषण झाले, रूपात एका अक्षराचाही फरक न पडता. त्याहून नवलाचा ‘ॲज’. ऑकलंडच्या बसथांब्यावर कुणी ‘कोल्ड ॲज’ म्हणाले की नवखा मराठी माणूस पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो : कशासारखे थंड? पण वाक्य तिथेच संपलेले असते. उपमान गळाले आणि उरलेला ‘ॲज’ विशेषणामागे उभा राहून ‘फार’चे काम करू लागला. आपल्या ‘थंडगार’मधला ‘गार’ असाच मागून जोर देतो. ‘स्वीट ॲज’ म्हणजे ‘एकदम झकास’. वाक्याच्या शेवटी येणारा ‘ए’ मात्र या वर्गात बसत नाही. तो आपल्या ‘ना?’सारखा ऐकणाऱ्याची संमती मागतो. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआतील बोलीवरचा मिरियम मायरहॉफ यांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा ‘ए’ तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजातील पुरुषांच्या बोलण्यात विशेष आढळला.

शब्दांच्या जातींची ही ओळख शाळेत शिकवावी का, हा वादही त्या देशात झडला. वॉरविक एली आणि सहकाऱ्यांनी ऑकलंडमधील माध्यमिक विद्यार्थ्यांवर तीन वर्षे प्रयोग केला. व्याकरणाच्या तासांनी मुलांच्या लेखनात जवळजवळ फरक पडत नाही, असा त्यांचा १९७६चा निष्कर्ष. तो इंग्रजी घरातूनच घेऊन आलेल्या मुलांपुरता समजावा. परक्या भाषेत पाऊल टाकणाऱ्याला शब्दांच्या जाती आधाराच्या असतात.

जागेवरून जात ठरवण्याची रीत माओरी भाषेच्या अभ्यासात सर्वांत स्वच्छ दिसते. ब्रूस बिग्स यांनी ‘लेट्स लर्न माओरी’ (१९६९) या पुस्तकात अर्थाचा निकष बाजूला ठेवला आणि कोणता शब्द कोणत्या अव्ययासोबत येतो, कर्मणी रूप घेतो की नाही, यावरून वर्ग पाडले. त्या भाषेत क्रियेचा गुण सांगणारा शब्द क्रियापदामागे येतो : ‘ओमा’ म्हणजे धावणे, ‘ओमा तेरे’ म्हणजे वेगाने धावणे. क्रियापद कर्मणी झाले की या मागच्या शब्दालाही ‘तिया’ प्रत्यय लागतो. क्रियाविशेषण बदलत नाही असे पाठ केलेल्याला हे चमत्कारिक वाटेल. पण मराठीतही ‘तो चांगला गातो’ आणि ‘ती चांगली गाते’ असेच आपण म्हणतो. ‘चांगला’ गाण्याची रीत सांगतो आणि रूप मात्र कर्त्याप्रमाणे फिरवतो.