अर्ध्या कुपीचा मान

अत्तराची कुपी भेट द्यावयाची तर ती बुचापर्यंत भरलेलीच असली पाहिजे, अशी आज आपली समजूत आहे. थोडी वापरलेली कुपी पुढे केली, तर घेणारा हसतमुखाने घेतो. पण मनात म्हणतो, उरलेले दिले. बदलीच्या नोकरीत असलेल्या आपल्यासारख्यांस हा प्रश्न वारंवार पडतो. बिऱ्हाड आवरताना तुपाचा डबा किंवा लोणच्याची बरणी शेजाऱ्यांस निःसंकोच दिली जाते. अत्तरापाशी मात्र हात अडखळतो. हा संकोच आपल्या परंपरेने शिकविलेला आहे काय, हे पाहण्यासारखे आहे.

सुगंधाशी मराठी माणसाचा परिचय जुना आहे. 'गंधवाद' नावाचा सुगंधी द्रव्यांवरील एक ग्रंथ मराठी टीकेसह उपलब्ध असून, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी वेधले. परंतु अत्तर 'देणे' म्हणजे कुपी देणे, हा अर्थ आपल्याकडे फार काळ नव्हताच. बादशहा जहांगीर (कारकीर्द १६०५–१६२७) याने आपल्या आत्मवृत्तात गुलाबाच्या अत्तराची हकिकत दिली आहे. नूरजहानची आई गुलाबपाणी करीत असता भांड्यांत तेलकट साय धरे. ती थोडी थोडी जमवून हे अत्तर सिद्ध झाले, असे तो सांगतो. तळहातावर चोळलेल्या एका थेंबाने सारी सभा दरवळते, हे त्याचे कौतुक. म्हणजे अत्तराचे माप प्रारंभापासून थेंबाचे होते, बाटलीचे नव्हते.

पेशवाईतील समारंभांचा शेवट अत्तरगुलाब आणि पानसुपारीने होई. अत्तरदाणी सभेत फिरे, मनगटास बोट लागे आणि दाणी पुढे सरके. शेवटच्या पाहुण्याला मिळणारे अत्तर पहिल्याच्या अत्तराहून कमी प्रतीचे, असे कोणीही मानले नाही. दाणी किती भरली आहे, हे डोकावून पाहणे हाच असभ्यपणा ठरला असता. मात्र या चालीत सर्व काही समतेचे होते, असेही म्हणता येत नाही. अत्तर कोणाच्या हातून मिळाले, यावर मान ठरत असे. इंग्रजांनी ही रीत उचलली, तेव्हा संस्थानिकास व्हाइसरॉय स्वहस्ते अत्तरपान देई आणि त्याच्या सरदारांस हाताखालचा अधिकारी देई. आपल्या घरच्या हळदीकुंकवातही तीच अत्तरदाणी विधवेला ओलांडून पुढे जात असे. मोजदाद होतीच, ती अत्तराची नव्हती, माणसांची होती.

वापरलेल्या वस्तूचे म्हणाल, तर दरबारी रिवाज आजच्या समजुतीच्या अगदी उलट होता. मोगल बादशहा खिलत म्हणून अनेकांस वस्त्रे देत. त्यांत बादशहाने स्वतः अंगावर घातलेले वस्त्र सर्वांत श्रेष्ठ गणले जाई. आपल्या भाषेत या गोष्टीसाठी दोन शब्द आहेत, 'उष्टे' आणि 'प्रसाद'. देवास वाहावयाचे फूल हुंगलेले चालत नाही. पण देवावरून उतरलेले फूल आपण मस्तकी धरतो. वर जाणारी वस्तू अस्पर्श हवी आणि वरून येणारी स्पर्शानेच पावन व्हावी, असा हा नियम आहे. बरोबरीच्या माणसाने दिलेल्या वस्तूस काय म्हणावे, हे मात्र या दोन शब्दांत सापडत नाही; आणि आपली अडचण नेमकी तेथेच आहे.

आता खुद्द वस्तूचा विचार करू. कनोजची जुनी पद्धत अशी, की तांब्याच्या देगेत फुले व पाणी तापवावयाचे आणि निघणारी वाफ बांबूच्या नळीने चंदनतेल असलेल्या भांड्यात न्यावयाची. ते तेल सुगंध शोषून घेते. पुढे हे अत्तर चामड्याच्या बुधलीत ठेवीत, म्हणजे उरलेला पाण्याचा अंश कातड्यातून निघून जाई. बुधलीतला माल घटे, पण अत्तर पक्व होई. या कलेचा आधार असलेले चंदन आम्ही राहतो त्या म्हैसूर मुलखाचे वैभव. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची परदेशी निर्यात अडली, तेव्हा नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या राज्यात, विश्वेश्वरय्या दिवाण असता, १९१६ साली बंगळुरातच चंदनतेल गाळण्यास आरंभ झाला. शुद्ध चंदनतेल नीट बूच लावून, उन्हापासून दूर ठेविले, तर वर्षानुवर्षे टिकते. त्याची अर्धी कुपी ही अर्धी असते, निकृष्ट नसते.

पाश्चात्य सुगंधाची गोष्ट वेगळी. १७०९ पासून कोलोन शहरी चालत आलेल्या फरिना यांच्या पेढीचे कोलनवॉटर घ्या किंवा आजचे सेंट घ्या. त्यांत मद्यार्क असतो. तो उडून जातो, आणि रिकाम्या जागेत शिरलेल्या हवेने लिंबू-संत्र्यासारखे हलके गंध लवकर बिघडतात. शिवाय मद्यार्क उष्णतेने फुगत असल्यामुळे कोरी बाटलीही काठोकाठ भरीत नाहीत. सीलबंद बाटली आणि तिच्यावर छापलेले माप व किंमत यांबरोबर 'पुरे की अपुरे' ही दृष्टी आपल्या घरात आली. ती सेंटापुरती योग्यच आहे. आपण ती अत्तरालाही लावली.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी बंगळूर सोडताना हाताखालच्या कारकुनास चंदनतेलाची अर्धी कुपी दिली. कचेरीत दोन पक्ष पडले. काहींना ती साहेबांची आठवण वाटली, काहींना उतरलेला माल. त्या कारकुनाने तीच कुपी साहेबांस दिली असती, तर काय म्हटले गेले असते, हा प्रश्न कोणी काढला नाही. तो काढावयास हवा होता. जी भेट वरून खाली आली की गौरव आणि खालून वर गेली की उद्धटपणा ठरते, तिच्यात अत्तराहून हुद्द्याचाच वास अधिक. दरबार गेले, त्यांची मोजदाद आपण कचेरीत आणि दिवाणखान्यात का जपावी?

म्हणून अर्धी कुपी अवश्य द्यावी, मग देणारा थोर असो वा लहान. पाळावयाचे नियम थोडेच. ती वापरलेली आहे हे आधी सांगावे, बुचाचे तोंड पुसून घ्यावे, आणि शक्य तर पहिले बोट आपल्याच हाताने घेणाऱ्याच्या मनगटास लावावे, म्हणजे कुपीमागोमाग अत्तरदाणीची जुनी रीतही त्याच्या घरी जाईल. कुपी भरलेली दिसावी म्हणून तीत दुसरे तेल मात्र कधीही ओतू नये. अर्धेपणा घेणाऱ्यास डोळ्यांनी दिसतो. भेसळ त्याला चार दिवसांनी नाकाने कळते, आणि तोवर देणारा दुसऱ्या गावी रुजू झालेला असतो.