पाच पिढ्यांचा बहिरेपणा

कानाच्या नसेवर गाठ होते ती बहुतेकांना एकाच बाजूला. ऑपरेशनमध्ये त्या बाजूचं ऐकणं गेलं तरी दुसरा कान साथ देतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप टू या आनुवंशिक आजारात मात्र गाठी दोन्ही बाजूंना होतात. प्रमाण साधारण तीस हजार जन्मांत एक. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली पंचवीस लाखांवर होती. हा आजार आपल्याकडचा नाही, असं म्हणायची सोय नाही.

गाठ कॅन्सरची नसते, पण जागा वाईट. ऐकण्याची नस आणि चेहरा हलवणारी नस हाडाच्या एकाच अरुंद बोगद्यातून मेंदूकडे जातात. लंडनचे सर्जन बॅलन्स यांनी १८९४ साली अशी गाठ काढली. बाई वाचल्या, पण अर्धा चेहरा लुळा पडला, डोळ्याची संवेदना गेली आणि पुढे तो डोळाच काढावा लागला. त्या काळी असे बहुतेक रुग्ण टेबलावर किंवा नंतरच्या काही दिवसांत दगावत. बोस्टनच्या हार्वे कुशिंग यांनी गाठीचं कवच तसंच ठेवून आतला गाभा काढायला सुरुवात केली आणि १९१७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. जीव वाचू लागले, पण गाठ पुन्हा वाढे. १९६० नंतर विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शक आणला, तेव्हा कुठे चेहऱ्याची नस वाचवण्याची भाषा सुरू झाली.

आनुवंशिक रुग्णाला या प्रगतीचा वाटा कमीच मिळाला. त्याची गाठ द्राक्षाच्या घोसासारखी नसेत गुंतलेली असते. एका बाजूचं नुकसान सोसता येतं. दोन्ही बाजूंना तेच झालं तर माणूस ठार बहिरा होतो, ओठ मिटत नाहीत, घास गिळताना ठसका लागतो.

आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हाची, म्हणजे १९३० सालची गोष्ट. अमेरिकेत गार्डनर आणि फ्रेझियर या डॉक्टरांनी एका कुटुंबाच्या पाच पिढ्यांचा माग काढला. अडतीस जणांना दोन्ही कानांचा बहिरेपणा होता. १९७० साली त्याच घराण्याची पुन्हा पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यातही गार्डनर होते. चाळीस वर्षं एका घराशी नातं ठेवणं, हे मला कुठल्याही ऑपरेशनइतकंच मोठं वाटतं. काहींची गाठ वर्षानुवर्षं हळूच वाढते, हे अशा पाठपुराव्यातूनच कळतं. म्हणून आज प्रश्न 'कसं कापायचं' इतकाच नसतो, 'आत्ता कापायचं का' हाही असतो. १९९३ साली बाविसाव्या गुणसूत्रावरचं जनुक सापडलं. त्याआधीच, १९७९ मध्ये, लॉस एंजेलिसला हाउस आणि हिट्सेलबर्गर यांनी अशाच एका रुग्ण बाईच्या मेंदूच्या खोडावर थेट विद्युत-तार बसवून तिला आवाजाची जाणीव करून दिली होती.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत आहे, त्यामुळे दोष तिथे किंवा सुनेच्या माहेरावर टाकला जातो. इथे तो लागू नाही. आई किंवा बाप, एकाकडून सदोष जनुक आलं तरी पुरतं. प्रत्येक अपत्याला धोका निम्मा. आणि जवळपास निम्म्या रुग्णांच्या घरात हा आजार आधी कुणालाच नसतो.

अंबाजोगाईला १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण असं ऑपरेशन करून घ्यायला लोक पुण्या-मुंबईची वाट धरतात. अवघड असतं ते परत आल्यावर. नाकातून पातळ पाणी गळू लागलं तर ती सर्दी नव्हे. मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं, आणि पाठोपाठ मेंदूज्वर होऊ शकतो. न मिटणाऱ्या डोळ्यात दिवसा थेंब, रात्री मलम घालून पट्टी लावावी लागते. ऊसतोडीला गेलेल्या माणसाच्या उघड्या डोळ्यात पाचटाची धूळ जाते, संवेदना नसेल तर दुखतही नाही, आणि बुबुळावर फूल पडतं. त्यातून तपासणीची तारीख नेमकी हंगामात येते. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता सोडून यायचं कसं? ती तारीख हंगामाआधी किंवा हंगामानंतर मागून घेता येते. डॉक्टरांना तेवढं सांगावं लागतं. आणि त्याच फेरीत मुलांचे कान आणि डोळे दोन्ही तपासून घ्यावेत, कारण लहान वयातला मोतीबिंदू ही या आजाराची पहिली खूण असू शकते.