अ‍ॅम्प नाही, भिंत पातळ : गिटारच्या टोनचा घरगुती इतिहास

ज्यांची रेंज कळवा-मुंब्र्याच्या मध्ये जाते आणि एपिसोड अर्धा राहतो, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. विषय आहे इलेक्ट्रिक गिटार. तीसुद्धा घरी, रात्री, अ‍ॅम्पशिवाय.

आधी माझी गोष्ट. आमचं घर डोंबिवली पूर्वेला, तिसरा मजला, वन बीएचके. बाबा एमआयडीसीत शिफ्टला. नाइट शिफ्ट असली की दिवसा झोपणार, म्हणजे दिवसा वाजवायचं नाही. रात्री शेजारी झोपणार. बरं, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. मोठ्याने गप्पा मारल्या तरी तेवढं होतं! इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी घेतलेला सेकंडहँड अ‍ॅम्प सहा महिन्यांत कपाटावर गेला आणि त्यावर आईने दिवाळीच्या फराळाचे डबे ठेवले.

मग मी गिटारची केबल कन्व्हर्टर लावून थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली. रेकॉर्ड केलं. ऐकलं, तर डब्यात अडकलेली माशी. मला वाटलं, आपल्या हातातच काही नाही. गिटार विकायची जाहिरातसुद्धा लिहून ठेवली होती. ती टाकली नाही, कारण त्याच आठवड्यात मी हा इतिहास वाचायला लागलो.

घरी गिटार रेकॉर्ड करणं हा यूट्यूबच्या पिढीचा शोध नाही. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एकावर एक असे गिटारचे आठ भाग रचले, आणि ती ‘लव्हर’ नावाची रेकॉर्ड १९४८ मध्ये बाजारात आली. टेपसुद्धा नव्हती, तो थेट डिस्कवर कोरत होता. एक चूक झाली की डिस्क बाद, पुन्हा पहिल्यापासून.

आपल्या मुंबईत तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षं चित्र उलटं होतं. सिनेमाची गाणी मोठ्या हॉलमध्ये, बहुतेक वादक एकत्र बसून वाजवायचे. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या ‘दम मारो दम’ची गिटार आठवा. संगीत आर. डी. बर्मन यांचं, गिटार भूपिंदर सिंग यांची. हो, तेच गझलवाले भूपिंदर. तो टोन घराघरात पोचला, पण तो बनवायचा तर स्टुडिओच्या दारातून आत जावं लागायचं. डोंबिवलीच्या पोराला ते दार कुठलं?

भिंत फुटली ती दुसरीकडे. १९६८ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोडवर बीटल्सनी ‘रिव्होल्यूशन’च्या गिटार अ‍ॅम्प-माइक बाजूला ठेवून थेट मिक्सिंग कन्सोलमध्ये घातल्या आणि प्रीअ‍ॅम्प मुद्दाम ओव्हरलोड केले. तो खरखरीत, फाटका आवाज म्हणजे मशीन कण्हतंय!

मग थेट घुसवलेली त्यांची गिटार भारी आणि माझी माशी, असं का? दोन कारणं. पहिलं, गिटारच्या पिकअपमध्ये बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्याचा सिग्नल नाजूक. त्याला साधारण एक मेगाओहमचं इनपुट लागतं. लॅपटॉपचं माइक इनपुट काही किलोओहमचं, ते वरच्या फ्रिक्वेन्सी खाऊन टाकतं. दुसरं, अ‍ॅम्पचा स्पीकर हा खरं तर एक फिल्टर आहे. पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं तो जवळजवळ ऐकूच देत नाही. डिस्टॉर्शन लावलं आणि स्पीकर नसला की ती सगळी किरकिर उघडी पडते. बीटल्सना तीच किरकिर हवी होती, मला नको होती. म्हणजे हात वाईट नव्हते, साखळीतली एक कडी गायब होती.

ही कडी खिशात घालणारा माणूस आपल्यातलाच, इंजिनिअर. टॉम शोल्झ, एमआयटीचा, पोलरॉइडमध्ये नोकरी. ऑफिस सुटलं की तळघरात रेकॉर्डिंग. त्यातून १९७६ मध्ये बॉस्टन बँडचा पहिला अल्बम आला. १९८२ मध्ये त्याने ‘रॉकमन’ काढला : वॉकमनएवढी डबी, हेडफोन लावा, आत डिस्टॉर्शनही आणि स्पीकरची नक्कलही. डेफ लेपर्डच्या १९८७ च्या ‘हिस्टेरिया’वरच्या बऱ्याचशा गिटार याच डबीतून आल्यात. मग १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीचा ‘पॉड’ आला, लाल राजम्याच्या दाण्यासारखा. त्यात अ‍ॅम्पचं वागणं चक्क कोडमध्ये लिहिलेलं.

तोवर मुंबईत रॉक म्हणजे धोबीतलावचं रंगभवन आणि १९८६ पासूनचा ‘इंडिपेंडन्स रॉक’. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवन गप्प झालं. म्हणजे मैदानावर आवाज बंद होत होता आणि त्याच काळात बेडरूममध्ये तो सुरू होत होता. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘डिमॉनिक रेझरेक्शन’च्या साहिल मखीजाने मुंबईत स्वतःचं लेबल आणि स्टुडिओ उभा केला, कुणाच्या दारात थांबला नाही.

आणि आज? स्टीव्हन अ‍ॅटकिन्सनचं ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ फुकट आहे, ओपन सोर्स आहे. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये काय गेलं आणि काय बाहेर आलं, हे ऐकून न्यूरल नेटवर्क त्याचं वागणं शिकतं.

माझी साखळी सांगतो. ऑडिओ इंटरफेसवर ‘इन्स्ट’चं बटण चालू. गेन एवढाच की जोरात वाजवलं तरी उणे बारा डेसिबलच्या आसपास. मग अ‍ॅम्प मॉडेल, त्यानंतर स्पीकरचा इम्पल्स रिस्पॉन्स. ही पायरी कधीही विसरू नका, माझी माशी इथेच मेली. बफर १२८ सॅम्पल, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला साधारण २.७ मिलिसेकंद. जाऊन-येऊन दुप्पट आणि वर थोडं धरा, तरी अ‍ॅम्पपासून दोन-तीन मीटरवर उभं राहिल्यासारखंच. डिस्टॉर्शन वाटतं त्यापेक्षा कमी ठेवा. तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाका. कॉपी-पेस्ट नको, खरंच दोनदा वाजवा.

एक गोष्ट मात्र हेडफोनमध्ये मिळत नाही. मोठ्या अ‍ॅम्पसमोर उभं राहिलं की स्पीकरचा आवाज तारेलाच परत हलवतो, सूर सुटतच नाही, छातीत धडधडतं. तेवढ्यासाठी आम्ही दोघं-तिघं महिन्यातून एकदा ठाण्यात तासावर जॅमरूम घेतो.

बाकी रात्री साडेअकरा वाजता माझ्या कानात स्टेडियम असतं आणि घरात फक्त पिकची टिकटिक. परवा बाबा पाणी प्यायला उठले, म्हणाले, “अरे, नुसतं टिकटिक काय करतोयस?” मी हेडफोन पुढे केला. बराच वेळ ऐकलं, परत दिला, म्हणाले, “दिवसा लाव एकदा. स्पीकरवर.”

जाहिरात डिलीट केलीय. तुमचीही लिहून ठेवली असेल तर आधी साखळी तपासा. पुढच्या भागात भेटू!